नर्सेसना नेमकं काय थकवतं? पेशंट, की वॉर्डाची व्यवस्था?

केतकीवन
माझी धाकटी बहीण पुण्यातल्या एका मोठ्या खासगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे, मेडिकल वॉर्डात. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झाल्यापासून तिथेच. आता म्हणते की नर्सिंगच सोडते, कुठेतरी दुकानात हिशेब लिहीत बसेन पण वॉर्डात जाणार नाही. घरातले सगळे एकच सांगतात, नोकरी म्हटली की त्रास आलाच. मला ते पटत नाही. ही मुलगी शिकत असताना सुट्टीत घरी आली की गल्लीतल्या आज्यांची ड्रेसिंग करून द्यायची. कामाचा कंटाळा तिच्यात नव्हताच कधी. हल्ली ती पेशंटबद्दल बेड नंबरने बोलते. "बारा नंबर रात्रभर बेल मारत होता." कोण होते, काय झालं होतं, काही नाही. मला खरी काळजी तिथून वाटायला लागली.

हॉस्पिटलने तणावमुक्तीचं सत्र ठेवलं होतं. ते नेमकं तिच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, आणि हजेरी सक्तीची.

इथे बरेच जण या क्षेत्रातले आहेत म्हणून विचारते. कामाच्या जागेतल्या कोणत्या गोष्टींमुळे नर्स इतकी रिकामी होते? त्यातलं वॉर्डाच्या पातळीवर काय बदलता येतं? की हॉस्पिटल बदलणं हाच उपाय?

चकलीचा_काटा
काळजी समजू शकतो, पण थोडं वेगळं मत मांडतो. आयटीत आम्हीही रात्री दोनला कॉल घेतो, सुट्टी रद्द होते, डेडलाइन असतात. शिक्षकांना विचारा, बँकवाल्यांना विचारा. प्रत्येकाला आपलंच काम जास्त वाटतं. हे माझं वैयक्तिक मत, दोन महिने बिनपगारी रजा घेऊन बघावी.

रातपाळी
चकलीदादा, मी आयसीयूत ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स आहे, नाशिकला. तुमचा कॉल उशिरा घेतला तर क्लायंट चिडतो. माझी इन्फ्युजन पंपवरची (थेंबाथेंबाने औषध सोडणाऱ्या यंत्रावरची) नजर हटली तर माणूस जातो. तुमचं काम हलकं आहे असं मी म्हणत नाही. पण चुकीची किंमत काय हे बघा, आणि ती चूक होऊ नये म्हणून जेवढी माणसं लागतात तेवढी दिलेली नसतात हेही बघा. ही दोन ओझी एकत्र येतात तेव्हा माणूस मोडतो.

रजेबद्दल: आमच्याकडे रजेवरून परतलेले लोक आठवड्याभरात होते तसेच होतात. रजेत माणसाला आराम मिळतो, वॉर्ड तसाच राहतो ना.

कागदपेन
केतकीवन, तुम्ही बेड नंबरची जी गोष्ट सांगितलीत ती फार महत्त्वाची आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली बर्नआउटचा, म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने रिकामं होण्याचा, आयसीडी-११ या आजारांच्या जागतिक वर्गीकरणात समावेश केला तो आजार म्हणून नव्हे, नोकरीशी जोडलेली स्थिती म्हणून. तीन खुणा दिल्या आहेत: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मनाने तुटणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. माणसांच्या जागी नंबर येणं ही दुसरी खूण. ती तुमच्या बहिणीची क्रूरता नाही. मन स्वतःला वाचवायला एवढंच करू शकतं.

आता कारणांकडे. या विषयातल्या सर्वांत जास्त उल्लेख होणाऱ्या अभ्यासांपैकी एक लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांचा आहे, २००२ सालचा, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ हॉस्पिटलांवरचा. दर नर्समागे एक पेशंट वाढला की नर्सला बर्नआउट असण्याची शक्यता २३ टक्क्यांनी जास्त आढळली. आणि शस्त्रक्रिया झालेला पेशंट ३० दिवसांत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी जास्त. म्हणजे जी गोष्ट सिस्टरला जाळते तीच पेशंटलाही धोक्यात घालते. हा फक्त नर्सेसच्या सोयीचा प्रश्न आहे असं मानणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचावेत.

सांजवात
मी विदर्भातल्या एका सरकारी रुग्णालयातून परिसेविका (वॉर्डाची प्रमुख सिस्टर) म्हणून निवृत्त झाले. स्टाफ नर्स म्हणून लागले तेव्हापासून शेवटपर्यंत वॉर्डातच होते. कागदपेन यांचे आकडे वाचले. आता वॉर्डात ते कसं दिसतं ते सांगते.

भारतीय नर्सिंग परिषदेचा निकष आहे, शिकाऊ डॉक्टर असलेल्या रुग्णालयात जनरल वॉर्डात तीन पेशंटमागे एक नर्स, इतर रुग्णालयांत पाचमागे एक. त्यावर रजा राखीव म्हणून ३० टक्के वेगळ्या. या राखीवचं महत्त्व बाहेरच्यांना कळत नाही. बायकांची नोकरी आहे. बाळंतपण आहे, मुलं आजारी पडतात, स्वतःला टायफॉइड होतो. राखीव माणूस नसेल तर एकीची रजा म्हणजे दुसरीची डबल ड्यूटी. मग रजा मागणारीला अपराधी वाटतं आणि डबल करणारी तिच्यावर चिडते. दोघींचं काही चुकलेलं नसतं, पण बोलणं बंद होतं. वॉर्डातली निम्मी भांडणं मी अशीच सुरू झालेली पाहिली आहेत.

रात्री साठ पेशंट, त्यातले वीस जमिनीवर गाद्या टाकून, आणि सिस्टर एक, सोबत एक शिकाऊ मुलगी. पावसाळ्यात, डेंग्यूच्या दिवसांत हे नेहमीचं. सलाइन लावत लावत एका टोकाला पोचावं तोवर पहिल्याची संपलेली.

पण मी एक सांगू? पेशंटची सेवा करून मी कधी इतकी थकले नाही. थकवलं ते बाकीच्या कामांनी. इंडेंट (सामानाचं मागणीपत्र) घेऊन स्टोअरला मी जायचं. चादरी मोजून धोब्याला द्यायच्या, कमी भरल्या की जबाबदारी माझी. डेड स्टॉक रजिस्टर, म्हणजे टिकाऊ सामानाची वही, माझं. मोडका बीपी मशीन कंडेम (बाद) करून घेण्यासाठी अर्जावर अर्ज. एक्स-रेला पेशंट न्यायला मामा (वॉर्डबॉय) नाही, ढकला ट्रॉली. नातेवाइकांना पास द्यायचा तो वाद माझ्याशी. लिफ्ट बंद, तक्रार माझ्याकडे. ड्यूटी संपताना लक्षात यायचं की ज्या कामासाठी शिकलो, म्हणजे पेशंटजवळ बसून त्याचं दुखणं समजून घेणं, ते आज झालंच नाही. घरी जाताना ते सलत राहतं.

माळरान
सांजवातताई, अगदी अगदी. मी आरोग्य उपकेंद्रावर एएनएम (गावातली परिचारिका) आहे, मराठवाड्यात. आमचं रजिस्टरांचं तेच. लसीकरण, गरोदर मातांची तपासणी, बीपी-शुगरची तपासणी, सगळं आधी वहीत लिहायचं आणि मग वेगवेगळ्या ॲपमध्ये भरायचं. रेंज नसते, मग रात्री घरी बसून भरायचं. आणि आम्ही कंत्राटी. ११ महिन्यांची ऑर्डर, मधे एक दिवसाचा खंड, परत ऑर्डर. वरिष्ठांना "हे जमणार नाही" म्हणायची हिंमत कुठून आणायची, ऑर्डर त्यांच्याच हातात.

स्टेथो
सरकारी कॉलेजातला निवासी डॉक्टर. कंत्राटी पद्धतीबद्दल माळरान यांनी लिहिलं म्हणून आठवलं, मे २०२२ मध्ये राज्यभरातल्या सरकारी परिचारिका संपावर गेल्या तेव्हा मुख्य विरोध बाह्यस्रोतातून भरती करण्यालाच होता. लोकांना वाटलं पगारासाठी संप. पण ठेकेदारामार्फत आलेली नर्स सहा महिन्यांत दुसरीकडे गेली तर वॉर्ड कायम नवख्या हातांवर चालतो, आणि कायम असलेल्या सिस्टरवर शिकवण्याचंही ओझं येतं. हे मी पाहिलंय.

आमच्या बाजूचंही कबूल केलं पाहिजे. काही डॉक्टर सिस्टरशी जे बोलतात ते ऐकवत नाही. फोनवर ऑर्डर द्यायची, लिहायला यायचं नाही, उद्या काही झालं की "सिस्टरने दिलं." अपमान आणि जबाबदारी दोन्ही तिच्याच वाट्याला. माझ्या पहिल्या वर्षात रात्री तीन वाजता पोटॅशियमचा डोस परत एकदा बघायला लावणाऱ्या सिस्टर होत्या म्हणून पेशंट वाचला. त्यांचं नाव डिस्चार्ज कार्डावर कुठेच येत नाही.

टपोरा_मोगरा
धागा छान चाललाय. एक विचारू का, "आज वॉर्ड शांत आहे" असं मोठ्याने म्हणायचं नसतं हे सगळीकडे आहे का? माझी वहिनी नर्स आहे. एकदा तिला न्यायला गेलो होतो आणि "आज रिकामंच दिसतंय" म्हणालो, तर तिघी एकदम अंगावर आल्या.

रातपाळी
मोगरा, सगळीकडे आहे. तुम्ही तसं म्हणालात आणि नंतर किती ॲडमिशन आल्या ते वहिनींना विचारा. :)

सांजवात
खरंच आहे हो ते. आमच्याकडे नवीन मुलीला पहिल्या दिवशी औषधांचं कपाट दाखवायचो आणि दुसरं हेच सांगायचो.

चकलीचा_काटा
सांजवातताईंचा प्रतिसाद वाचून माझा मुद्दा थोडा मागे घेतो. पण एक शंका उरते. हे सगळं माणसं कमी असल्यामुळेच असेल तर खासगी कॉर्पोरेट हॉस्पिटलात तरी परिस्थिती बरी असायला हवी. तिथे जमिनीवर पेशंट नसतात, सामान असतं, एसी असतो. केतकीवन यांची बहीण तर तिथेच आहे.

निळी_शाई
चकलीचा_काटा, तुमचा प्रश्न योग्य आहे आणि मी त्याच्या दुसऱ्या बाजूला बसते. खासगी हॉस्पिटलात नर्सिंग सुपरवायझर आहे, ड्यूटी चार्ट मी लावते. शिव्या मला खाव्या लागतात, म्हणून लिहितेच.

खासगीत प्रमाण कागदावर बरं असतं. अडचण वेगळी. एक, मुली टिकत नाहीत. दोन-तीन वर्षांचा अनुभव झाला की परदेश किंवा सरकारी भरती. त्यामुळे चार्टवर पाच नावं असली तरी दोघी नव्याच, त्यांना स्वतंत्र पेशंट देता येत नाही. सगळा भार उरलेल्या तिघींवर. दोन, हॉस्पिटलच्या गुणवत्तेच्या मान्यतेसाठी लागणारे कागद. पडण्याचा धोका, बेडसोर, वेदना, प्रत्येकाचा वेगळा फॉर्म, दर शिफ्टला सही. फॉर्मामागचा हेतू चांगला आहे, पेशंटच्या सुरक्षिततेचाच आहे. पण फॉर्म वाढवताना माणूस वाढवला नाही तर पेशंटच्या पाठीला हात न लावता रकाना भरला जातो. तीन, आपल्याकडे पेशंटला "ग्राहक" करून टाकलंय. चहा थंड आला तरी फीडबॅकमध्ये सिस्टरचं नाव येतं. आणि चार, पगार. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या निर्देशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने सांगितलं होतं की ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही महिना २०,००० रुपयांपेक्षा कमी पगार नसावा, आणि २०० च्या वर खाटा असतील तर राज्य सरकारी नर्सइतकाच असावा. किती ठिकाणी मिळतो हे या धाग्यावरच्या नर्सेसनी सांगावं.

चार्ट लावताना मला ज्यांची नाइट द्यायची त्यांची तोंडं समोर दिसत असतात. माझ्याकडे तीन माणसं कमी असतात आणि वरून उत्तर येतं, "ॲडजस्ट करा." पुढचं तुम्हाला माहीत आहे.

अबोली_लीड्स
मी इंग्लंडमध्ये नर्स आहे, आधी मुंबईत होते. इथे सगळं छान असेल असं समजून येणाऱ्या मुलींसाठी लिहिते. इथली "लाँग डे" साडेबारा तासांची. आठवड्यात तीन किंवा चार दिवस, म्हणून सुरुवातीला बरं वाटतं, बाकी दिवस मोकळे. पण शेवटच्या दोन तासांत औषधं मोजताना डोकं चालत नाही. १२ युरोपीय देशांतल्या नर्सेसवरच्या २०१५ च्या एका अभ्यासातही बारा तास किंवा त्याहून लांब शिफ्ट करणाऱ्यांमध्ये बर्नआउट जास्त आढळला होता. तेव्हा बहिणीला कुणी "बारा तासांची ड्यूटी घे, सुट्ट्या जास्त मिळतील" म्हणालं तर विचार करून हो म्हणायला सांगा.

इथे मला मुंबईपेक्षा दोन गोष्टींत खरा फरक वाटतो. ब्रेकला गेले तर माझे पेशंट कोण बघणार हे ठरलेलं असतं. आणि चुकता चुकता वाचलेली गोष्ट कळवली तर आधी "हे कसं घडलं" विचारतात, "कुणी केलं" नंतर. मुंबईत मी चूक कळवणारीलाच मेमो मिळालेला पाहिला आहे. अशा ठिकाणी सगळे गप्प राहायला शिकतात आणि ती भीती घेऊन रोज ड्यूटीला जातात.

गावकुस
नातेवाइकांच्या बाजूने लिहितो. वडील ॲडमिट होते तेव्हा मी पण आवाज चढवला असेल, कारण कोणी काही सांगतच नव्हतं. डॉक्टर सकाळी दोन मिनिटं येणार, बाकी दिवसभर समोर फक्त सिस्टर. मग राग तिच्यावरच निघतो.

रातपाळी
गावकुस, प्रामाणिकपणे लिहिलंत, आभार. हे व्यवस्थेनेच असं रचलंय. माहिती द्यायचा अधिकार डॉक्टरला आणि समोर उभी राहणार नर्स. रोज ठरलेल्या वेळी डॉक्टरांनी नातेवाइकांशी बोलायचं, एवढं एक पाळलं तरी वॉर्डातला निम्मा ताण उतरतो. आमच्या आयसीयूत संध्याकाळी पाचची वेळ ठरवल्यापासून दारावरची भांडणं खरोखर कमी झाली. पैसा लागला नाही.

डॉक्टर-नर्सेसवरच्या हिंसेविरुद्धचा कायदा २०१० पासून आहे महाराष्ट्रात, नर्सेसनाही लागू, तीन वर्षांपर्यंत कैद. पण मारहाणीनंतर पोलीस स्टेशनला चकरा मारायला ड्यूटी कोण बदलून देणार? म्हणून तक्रारच होत नाही.

टपोरा_मोगरा
सुरक्षिततेवरून. परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९७३ साली हल्ला झाला तेव्हा त्या ड्यूटी संपवून तळघरात कपडे बदलत होत्या. त्यानंतर २०१५ मध्ये त्या जाईपर्यंत, अंथरुणाला खिळलेल्या असताना, तिथल्याच परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. आज किती रुग्णालयांत नर्सेसना आतून कडी लागणारी, उजेड असलेली कपडे बदलायची खोली आहे? वहिनीच्या आधीच्या हॉस्पिटलात लिनन ठेवायच्या खोलीतच बदलायच्या सगळ्या.

सांजवात
आणि बाथरूम. नाइटला पाणी कमी प्यायचं, कारण स्टाफचं बाथरूम दोन मजले खाली. युरिन इन्फेक्शन नसलेली सिस्टर शोधून दाखवा. हेही कामाच्या जागेतलंच कारण आहे, पण चर्चेत कुणी काढत नाही.

केतकीवन
सगळ्यांचे मनापासून आभार. काल धागा बहिणीला वाचायला दिला. सांजवातताईंचा प्रतिसाद वाचताना ती मधेच थांबली आणि म्हणाली, "म्हणजे मी वाईट नर्स झाले नाहीये." आमच्याकडे आम्ही इतके दिवस तिला धीर देत होतो, पण तिच्या मनात हे चाललंय ते कळलंच नव्हतं.

तिने सांगितलेल्या दोन गोष्टी लिहिते. तिला पेशंट जास्त असल्याचा त्रास आहेच, पण त्याहून जास्त चार्टचा. दुपारची ड्यूटी रात्री नऊला संपते, ओव्हर (पुढच्या पाळीला पेशंटची माहिती) देऊन निघायला दहा, घरी अकरा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला हजर. चार्ट आदल्या संध्याकाळी व्हॉट्सॲपवर येतो. भाचीच्या बारशालाही "बघते, कळवते" म्हणावं लागलं. दुसरं, गेल्या वर्षी एक आजोबा गेले. ते एकटे होते आणि तिला त्यांच्याजवळ थांबायचं होतं, पण शेजारच्या बेडवर ॲडमिशन आली. ते तिच्या मनातून जात नाही.

कागदपेन
दुसऱ्या गोष्टीबद्दल आधी. योग्य काय हे कळत असूनही व्यवस्थेमुळे ते करता न येणं, या दुःखाचा अभ्यास नर्सिंगमध्ये १९८४ पासून होतो आहे. अँड्र्यू जेमटन यांनी तेव्हा ते पहिल्यांदा स्पष्ट मांडलं. ते थकव्यापेक्षा वेगळं आहे आणि झोपेने भरून येत नाही. वॉर्डात मृत्यूनंतर सगळ्यांनी मिळून दहा मिनिटं त्याबद्दल बोलावं, एवढी जागा तरी हवी. तिची झोप उडाली असेल, रडू येत असेल तर मानसोपचारतज्ज्ञालाही भेटा. व्यवस्थेचा दोष आहे म्हणून तिने उपचार टाळावेत असं नाही.

चार्टबद्दल: युरोपीय संघाच्या नियमात दर २४ तासांत सलग ११ तास विश्रांती सक्तीची आहे. तुमच्या बहिणीला नऊच मिळतात, त्यातही प्रवास जातो, मग झोप किती? क्रिस्टिना मॅस्लाक या संशोधिकेने बर्नआउटची जी सहा मूळं सांगितली त्यात कामाचा बोजा आहे तसं "स्वतःच्या कामावर ताबा नसणं" आणि "अन्याय" हीदेखील आहेत. आदल्या संध्याकाळी कळणारा चार्ट या तिन्हींत बसतो.

निळी_शाई
हे मात्र वॉर्डाच्या पातळीवर बदलता येतं, केतकीवनताई. मी केलंय म्हणून सांगते. चार्ट दोन आठवडे आधी लावायचा, दुपारनंतर लगेच सकाळ द्यायची नाही, आणि आपसात बदल करायचा असेल तर दोघींच्या सहीने मला कळवलं की झालं. व्यवस्थापनाची परवानगी लागली नाही, एकही माणूस वाढला नाही. अचानक गैरहजेरी कमी झाली, कारण मुलींना आधीच आखणी करता येते. बहिणीला एकटीने नाही, वॉर्डातल्या चौघीपाचजणींनी मिळून लेखी मागणी करायला सांगा.

जे वॉर्डात सुटत नाही ते प्रमाणाचं. कॅलिफोर्नियात १९९९ ला कायदा केला, २००४ पासून लागू झाला, आयसीयूत दोन पेशंटमागे एक नर्स हे हॉस्पिटलांवर बंधनकारक. आपल्याकडे निकष आहेत, पण कमी नर्स ठेवल्याबद्दल हॉस्पिटलला कुणी जाब विचारत नाही. तो लढा संघटनेचा आहे, एका थकलेल्या मुलीच्या खांद्यावर टाकू नका.

चकलीचा_काटा
शब्द पूर्ण मागे घेतो. केतकीवन, नोकरी सोडायचीच ठरली तर आधी बॉन्डचं (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या कराराचं) बघा. माझ्या मामेबहिणीची मूळ प्रमाणपत्रं एका हॉस्पिटलने ठेवून घेतली होती, नोटीस पिरियड भरूनही देत नव्हते. वकिलाचं पत्र गेल्यावर मिळाली.

सांजवात
बरोबर. आणि प्रत्येक अर्जाची पोच घ्यायची, शिक्क्यासहित. तोंडी सांगितलेलं हॉस्पिटलात कुणाला आठवत नसतं. सोडण्याआधी विभाग बदलून बघा म्हणावं. डायलिसिस किंवा ओपीडीला रात्रपाळी कमी असते. मेडिकल वॉर्डात सलग इतकी वर्षं कुणालाच ठेवू नये खरं तर, मी माझ्या मुलींना फिरवत असे.

केतकीवन
प्रमाणपत्रं तिच्याकडेच आहेत, नशीब. अर्ज लिहिलाय. डायलिसिसला बदली आणि तोवर दुपारनंतर सकाळ नको. चार्टच्या मागणीवर वॉर्डातल्या आणखी तिघींनी सह्या केल्या. तिने खाली स्वतःहून एक ओळ घातली आहे: तिच्या जागी जी नवीन मुलगी येणार आहे तिला निदान महिनाभर एखाद्या जुन्या सिस्टरबरोबर ठेवावं, पहिल्या आठवड्यात सहा पेशंट देऊ नयेत. सोमवारी देणार आहे. पोच घ्यायला सांगते.

निळी_शाई
ती ओळ अजिबात काढू देऊ नका. आणि पोच न देता अर्ज "ठेवून जा" म्हणाले तर त्याच दिवशी एचआरला ईमेल करा, सुपरवायझरला प्रत टाकून.